धोका कमी, म्हणून जबाबदारी अधिक!

'कोरोना हा म्हाताऱ्यांचा आजार. तरुणांना त्याचे काय?' असे २०२० मध्ये घरोघर ऐकू येत होते. आज पुष्कळदा त्याच तोंडून 'तरुण गेले ते लसीने' असे ऐकू येते. वरकरणी परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही वाक्ये एकाच मुळातून उगवली आहेत. धोका म्हणजे काय, तो कोणाला, किती आणि कशाच्या तुलनेत, हा हिशेब करण्याचा आळस हे ते मूळ होय.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू गेलेला नाही. मात्र लसीकरण आणि प्रत्यक्ष संसर्ग यांतून समाजात जी प्रतिकारशक्ती निर्माण झाली, तिने त्याचे दात बोथट केले आहेत. रुग्णालयांबाहेरच्या रांगा आणि प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्रभर चाललेली वणवण आता आठवणींत जमा झाली आहे. संकट ओसरले की समाज एक तर सारे विसरतो, नाही तर सोयीचे तेवढेच लक्षात ठेवतो. यांपैकी दुसरी खोड अधिक घातक होय. 'तरुणांना काहीच झाले नाही, उगाच बाऊ केला' ही अशीच एक सोयीची आठवण सध्या रूढ होऊ पाहत आहे. तिचा समाचार वेळीच घेतला नाही, तर पुढच्या साथीत हीच आठवण धोरण ठरवील आणि तिची किंमत नव्या पिढीला मोजावी लागेल.

अर्धसत्याचा पाया

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की 'तरुणांना धोका नाही' हे निखळ असत्य नव्हते. ते अर्धसत्य होते आणि म्हणूनच अधिक टिकले. कोरोनाचा मृत्युधोका वयाबरोबर वाढतो, तोही पायरीपायरीने नव्हे तर पटीपटीने. लस उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळातील, मुख्यतः संपन्न देशांच्या आकडेवारीवरून अँड्र्यू लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेला हिशेब जगभर प्रमाण मानला गेला. त्यानुसार संसर्ग झालेल्या पंचवीस वर्षांच्या व्यक्तींपैकी दहा हजारांत एक दगावण्याचा संभव होता. पंचावन्नाव्या वर्षी हे प्रमाण अडीचशेत एक, पासष्टाव्या वर्षी सुमारे सत्तरांत एक, तर पंच्याऐंशीव्या वर्षी सातांत एक होते. आजोबा आणि नातू यांना एकाच विषाणूने गाठले तरी दोघांची लढाई एक नव्हती, हे निर्विवाद आहे.

परंतु याच हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे आणि तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष झाले. पंचविशीत दहा हजारांत एक असलेला धोका चव्वेचाळिसाव्या वर्षी हजारात एकाच्या घरात जातो, म्हणजे दहापट होतो. लसीकरणाच्या सरकारी वर्गवारीत मात्र अठरा ते चव्वेचाळीस हा एकच गट होता आणि बोलण्यात हे सारे 'तरुण'! महाविद्यालयातला विद्यार्थी आणि दोन मुलांचा चाळिशी ओलांडलेला बाप यांना एकाच शब्दाच्या छत्रीखाली उभे केले, की पहिल्याची सुरक्षितता दुसऱ्याला फुकटात मिळाल्याचा भास होतो. हा भास अनेकांना भोवला.

शिवाय हे प्रमाण संपन्न देशांचे होते. लेव्हिन यांच्याच गटाने पुढे विकसनशील देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा तेथील धोका त्याच वयाच्या संपन्न देशांतील माणसापेक्षा साधारण दुप्पट असल्याचे आढळले. वय तेच, विषाणूही तोच. पण वेळेवर मिळणारी खाट आणि प्राणवायू तोच नव्हता. तरुणाचे सुरक्षाकवच केवळ त्याच्या शरीरात नसते, ते त्याच्या गावापासून रुग्णालय किती अंतरावर आहे यावरही अवलंबून असते.

तारुण्याला साथीचे रोग सोडून देतात, असा निसर्गाचा काही नियम आहे काय? इतिहासाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबईत शिरकाव केला आणि त्या वर्षी ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या साथीने घाला घातला तो प्रामुख्याने वीस ते चाळीस या वयोगटावर. देशभरात सव्वा कोटींच्या वर माणसे गेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली आणि जनगणनेच्या इतिहासात असे घडलेले ते एकमेव दशक ठरले. २००९ च्या स्वाइन फ्लूनेही वृद्धांपेक्षा तरुणांना अधिक गाठले. भारतातील त्याचा पहिला बळी पुण्यातील एक शाळकरी मुलगी होती, हे पुणेकर विसरलेले नाहीत. कोरोनाने तरुणांना तुलनेने कमी छळले, हा त्या विषाणूचा स्वभाव होता. तो तारुण्याचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. पुढचा विषाणू कोणत्या स्वभावाचा असेल, याची हमी कोण देणार?

टक्केवारीची भूल

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मृतांची वयवार विभागणी जाहीर केली. ५३ टक्के मृत्यू साठीच्या पुढचे, ३५ टक्के पंचेचाळीस ते साठ या वयातले, १० टक्के सव्वीस ते चव्वेचाळीस या वयातले आणि उरलेले त्याहून लहानांचे. हे वाचून पंचेचाळिशीच्या आतल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला: 'आमचे जेमतेम बारा टक्के!' पण तोवर देशात सुमारे १ लाख ९ हजार मृत्यू नोंदले गेले होते. त्याचे बारा टक्के म्हणजे तेरा हजार माणसे! यांतली बहुतेक कमावत्या वयातली, ज्यांच्या पाठीशी घर उभे होते अशी. टक्केवारीत लहान दिसणारी गोष्ट घराच्या उंबरठ्यावर लहान राहत नाही.

दुसऱ्या लाटेत ही भूल अधिकच महाग पडली. एप्रिल २०२१ मध्ये 'या वेळी तरुणच अधिक सापडत आहेत' अशी ओरड सुरू झाली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी रुग्णालयांच्या नोंदींच्या आधारे सांगितले, की दोन्ही लाटांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण चाळिशीच्या पुढचेच आहेत. माहिती योग्य होती. पण मग गावोगावच्या डॉक्टरांना आणि स्मशानात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना तरुण मृतदेह अधिक दिसत होते, तो काय भ्रम होता? मुळीच नाही! पहिल्या लाटेच्या शिखरावर, सप्टेंबर २०२० मध्ये, दिवसाला सुमारे ९८ हजार रुग्ण नोंदले जात होते. ६ मे २०२१ रोजी ही संख्या ४ लाख १४ हजारांवर गेली. भागाकार तोच राहिला, तरी मूळ राशी चौपट झाली की प्रत्येक वाटा चौपट होतो. हे प्राथमिक शाळेतले गणित आहे. ज्या देशात अठरा ते चव्वेचाळीस या वयाची माणसे एकोणसाठ कोटींच्या आसपास, तेथे 'दहा हजारांत एक' हे प्रमाण सर्वांना लावले तरी हिशेब एकोणसाठ हजारांवर जातो; आणि वर पाहिल्याप्रमाणे ते प्रमाण केवळ पंचविशीचे आहे!

यात लसीकरणाच्या क्रमाचाही भाग होता. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य सेवकांपासून सुरुवात झाली, १ मार्चपासून ज्येष्ठ आणि सहव्याधी असलेले, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वजण. लसींच्या मर्यादित साठ्यात हा क्रम सर्वथा उचित होता. आधी अधिक धोक्यात असलेल्याचे रक्षण हाच न्याय. पण त्याचा अर्थ असा, की लाट किनाऱ्यावर आदळली तेव्हा तरुण पिढी जवळजवळ पूर्णपणे उघड्यावर उभी होती. ज्याला कवच मिळायचे आहे त्याने कवच मिळेपर्यंत तरी जपून राहायचे असते. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगल कार्यालये ओसंडून वाहत होती.

याच वयातील एका वर्गाची तर कोणी गणतीच केली नाही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने गर्भवती व प्रसूत कोरोनाग्रस्त स्त्रियांची जी नोंदवही ठेवली, तिच्यात मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के, तर दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के आढळले. या स्त्रिया तरुणच होत्या, बहुतेक निरोगीही होत्या. पण गर्भवतींना लस घेण्याची मुभा मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, म्हणजे लाट ओसरल्यावर. 'तरुणांना धोका नाही' या सरसकट वाक्यात ही माउली कोठे बसते?

'निरोगी' कोणाला म्हणायचे?

'मी तरुण आहे' हे जन्मदाखला पाहून सांगता येते. 'मी निरोगी आहे' हे मात्र आरशात पाहून सांगता येत नाही. मंत्रालयाच्या त्याच ऑक्टोबर २०२० च्या आकडेवारीत नोंद झालेल्या पंचेचाळिशीआतील रुग्णांपैकी सहव्याधी नसलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के होते, तर सहव्याधी असलेल्यांत ८.८ टक्के, म्हणजे चाळीस पटींहून अधिक! वय तेच, फरक केवळ आधीच्या आजाराचा. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की सहव्याधी आहे की नाही हे किती तरुणांना ठाऊक असते?

या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, १३ कोटींहून अधिक माणसे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१ कोटींहून अधिक माणसांना उच्च रक्तदाब आहे. हे आजार बोभाटा करीत येत नाहीत. रक्त तपासेपर्यंत माणूस स्वतःला ठणठणीतच समजतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर 'सडपातळ म्हणजे निरोगी' हा समज मुळापासूनच हलवला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश संशोधकाने आपली छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. दोघांचा उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक अगदी समान, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय माणूस बाहेरून बारीक आणि आतून मेदयुक्त असतो, आणि म्हणून मधुमेहाला लवकर बळी पडतो, हे याज्ञिक यांनी आयुष्यभर साधार मांडले. 'मला ना पोट, ना वजन. मला काय होणार?' असे विचारणाऱ्याला पुण्याच्या या संशोधनाने सोळा वर्षे आधीच उत्तर देऊन ठेवले होते.

ज्यांना खरोखर कोणताही आजार नव्हता, अशांचे काय? व्यायामशाळेत घाम गाळणारे, किल्ले चढणारे काही तरुणही गेलेच. त्यामागे दैव नव्हे, शरीरशास्त्र होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ज्याँ-लॉराँ कासानोव्हा यांच्या गटाने २०२० मध्येच दाखवून दिले, की अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात इंटरफेरॉन या विषाणूविरोधी संरक्षक द्रव्यालाच निकामी करणारी प्रतिपिंडे होती. आणखी काहींत त्याच संरक्षण यंत्रणेचे जन्मजात जनुकीय दोष होते. अशा माणसाला एरवी कोणताही त्रास नसतो. सेनापती फितूर आहे हे शत्रू वेशीवर येईपर्यंत गडालाही ठाऊक नसते, तसाच हा प्रकार!

त्यातच तरुण शरीराची साक्ष फसवी असते. धाप लागल्याची जाणीव होते ती मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर. कोरोनाच्या प्रारंभी फुप्फुसे तो वायू बाहेर टाकत राहतात. त्यामुळे प्राणवायू खाली घसरत असतानाही रुग्ण बोलतो, हसतो, भ्रमणध्वनीवर चित्रपटही पाहतो. म्हणून तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आणि सहा मिनिटे चालून पाहण्याच्या चाचणीचा एवढा आग्रह धरला गेला. ज्यांनी ही चाचणी केली, ते वेळेत रुग्णालयात पोहोचले. ज्यांनी 'मला काही होत नाही' म्हणून अंगावर काढले, त्यांतील काहीजण पोहोचले तेव्हा फार उशीर झाला होता.

दुसऱ्या टोकाचा उतावीळपणाही तितकाच नडला. ऑक्सफर्डच्या चाचणीने जून २०२० मध्ये सिद्ध केले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड कृत्रिम श्वसनावरील आणि प्राणवायूवरील रुग्णांचे प्राण वाचवते, पण ज्याला प्राणवायूची गरजच नाही त्याला त्याचा लाभ होत नाही. तरीही साध्या तापातच, कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या गिळल्या गेल्या. साखर भडकली, प्रतिकारशक्ती खचली आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या काळ्या बुरशीने थैमान घातले. त्या वर्षअखेरपर्यंत देशात पन्नास हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. धोका न समजणे म्हणजे केवळ निष्काळजी राहणे नव्हे. भलत्या वेळी भलता उपाय करणे हेही त्यातच मोडते.

घर तीन पिढ्यांचे

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन येथून जय भट्टाचार्य, सुनेत्रा गुप्ता आणि मार्टिन कुलडॉर्फ या तीन विद्वानांनी एक जाहीरनामा काढला. तरुणांना धोका अल्प आहे, त्यांना मोकळे सोडा. संरक्षण केवळ वृद्ध आणि दुर्बलांचे करा, असा त्याचा मथितार्थ. या मताची टवाळी करून भागणार नाही, कारण त्यातील अर्धी चिंता रास्त होती. मुलांच्या शाळा आणि हातावर पोट असणाऱ्यांची रोजी यांची किंमत मोजल्याविना टाळेबंदीचा हिशेब पुरा होत नाही. ती किंमत मोठीच होती. 'असर' या शैक्षणिक पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२१ च्या जून-जुलैमधील राष्ट्रीय रक्तपाहणीत सहा ते सतरा वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुसंख्य मुले सुखरूप होती. तरीही त्यानंतर अनेक ठिकाणी प्राथमिक शाळांची दारे महिनोन्महिने उघडली नाहीत. मुलांच्या धोक्याचा असा बाऊ करणे हाही हिशेबाचा आळसच. धोका कमी लेखणे जितके चूक, तितकेच तो फुगवणेही.

परंतु 'तरुण मोकळे, वृद्ध सुरक्षित' ही योजना भारतात राबवायची कोठे? ज्या समाजात आजी-आजोबा वेगळ्या घरात किंवा वृद्धाश्रमात राहतात, तेथे ती कागदावर तरी शक्य वाटते. येथे तीन पिढ्या एका छताखाली राहतात. धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, गिरणगावच्या चाळीत, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत नातू बाहेरून आला की आजीच्या मांडीवरच टेकतो. एकत्र कुटुंब ही या समाजाची शक्ती आहे. साथीच्या काळात ती शक्तीच विषाणूचा पूल होऊ शकते. तरुणाला दहा हजारांत एक धोका, पण तोच विषाणू घरातल्या पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत पोहोचला की बावीसांत एक! म्हणून 'मला काय होणार?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'माझ्यामुळे कोणाला काय होणार?' हा खरा प्रश्न होय. स्वतःपुरता धोका मोजणे हा व्यक्तिवादी हिशेब झाला. कुटुंबवत्सल म्हणवणाऱ्या समाजाला तो शोभत नाही.

आणि तरुण स्वतः गेला तर? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की एप्रिल २०२० पासून कोरोना व अन्य कारणांनी आई किंवा वडील, अथवा दोघेही, गमावलेल्या मुलांची संख्या १ लाख ४७ हजार ४९२ आहे. त्यांतील दहा हजारांहून अधिक मुलांचे दोन्ही पालक गेले. शाळकरी मुलांचे आई-बाप सहसा साठीपुढचे नसतात. 'केवळ बारा टक्के' म्हणणाऱ्यांनी ही संख्या एकदा शांतपणे पुन्हा वाचावी.

वड्याचे तेल वांग्यावर

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू या. गरब्याच्या फेरात, व्यायामशाळेत, क्रिकेटच्या मैदानावर एखादा तरुण कोसळल्याचे चलचित्र भ्रमणध्वनीवर येते आणि खाली मजकूर असतो: 'लसीचा परिणाम!' जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या निमित्ताने मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनीही लसींच्या घाईघाईने दिलेल्या मंजुरीकडे बोट दाखवले. राज्याच्याच तज्ज्ञ समितीला हासनमध्ये मृत्यूंची असाधारण वाढ आढळली नाही, हा भाग वेगळा. जबाबदार पदावरील व्यक्तीने संशय आधी पेरायचा आणि तपास नंतर करायचा, हा कोठला न्याय?

पुरावा काय सांगतो? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतील संस्थेने देशातील ४७ मोठ्या रुग्णालयांच्या साहाय्याने अठरा ते पंचेचाळीस वयातील अकस्मात मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२९ मृतांची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी करण्यात आली. लसीमुळे अकस्मात मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोरोनामुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात अकस्मात मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांतील अतिरेकी मद्यपान, अमली पदार्थांचे सेवन आणि अतिश्रमाचा व्यायाम. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून झियाद अल-अली यांनी २०२२ मध्ये दाखवले होते, की संसर्गानंतर वर्षभर हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, रुग्णालयात जावे न लागलेल्यांतही! त्या अभ्यासातील बहुतेकजण वयस्क पुरुष होते, हे खरे. पण पासष्टीच्या आतील गटातही हाच कल दिसला. म्हणजे ज्या आजाराला 'काही नाही' म्हटले, त्यानेच मागे खुणा ठेवल्या आणि दोष लागला तो लसीला. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच!

याचा अर्थ लस सर्वथा निर्दोष, असा नव्हे. कोविशील्डची मूळ कंपनी अॅस्ट्राझेनेका हिने ब्रिटिश न्यायालयात दिलेली कबुली २०२४ मध्ये प्रकाशात आली: अतिशय क्वचित, तिच्या लसीमुळे रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटू शकतात. हे २०२१ पासूनच वैद्यक जगताला ठाऊक होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिटनने तिशीआतील तरुणांना दुसरी लस देण्याचे ठरवले, ते याच कारणाने. ही विकृती लस घेतल्यानंतरच्या काही दिवसांत वा आठवड्यांत उद्भवते, तीन वर्षांनी गरबा खेळताना नव्हे. आणि ब्रिटनचा निर्णय तेथील परिस्थितीचा होता. साथ ओसरलेली, पर्यायी लस हाताशी आणि तरुणाचा धोका अल्प, तेव्हा तागडी एका बाजूला झुकली. दिवसाला चार लाख रुग्ण आणि प्राणवायूची टंचाई असलेल्या भारतात तीच तागडी दुसऱ्या बाजूला झुकत होती. धोका नेहमी दुसऱ्या धोक्याशी तोलायचा असतो. एकच पारडे दाखवून वजन सांगणाऱ्याला बाजारात कोणी उभे करीत नाही. मग आरोग्याच्या बाजारात त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

कर्तव्याचा हिशेब

'तरुणांना धोका कमी' या एकाच सत्यातून २०२० मध्ये दोन निष्कर्ष काढले गेले. एकाने म्हटले, 'धोका कमी, म्हणून मी मनास येईल तसा वागणार.' दुसऱ्याने म्हटले, 'धोका कमी, म्हणून हे काम मी करणार.' त्या एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईच्या दाट वस्त्यांत घरोघर तपासणीला उतरलेले कार्यकर्ते या दुसऱ्या जातीचे होते. भर उन्हाळ्यात संरक्षक पोशाख चढवून ते गल्लीबोळांत फिरले आणि काम संपल्यावर विलगीकरणाचे दिवस काढून मगच आई-वडिलांच्या घरी परतले. ज्येष्ठांनी मागे राहावे आणि तरुणांनी पुढे व्हावे, हे त्यांनी आकडे वाचूनच ठरवले होते. त्याच आकड्यांनी त्यांना हेही सांगितले होते, की कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. म्हणून पोशाखाची एक गाठही त्यांनी सैल सोडली नाही. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग पस्तिशीही न गाठता ७ फेब्रुवारी २०२० रोजी याच आजाराने गेले, हे रुग्णसेवेतील तरुणांना विसरून चालणार नव्हते.

पुढची साथ येईल तेव्हा तिचे नाव निराळे असेल आणि ती कोणत्या वयावर झेप घेईल हे आधी कोणी सांगू शकणार नाही. पण तिच्या तयारीसाठी तिची वाट पाहण्याचे कारण नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. गंभीर आजारातून उठलेल्याने एकदम मैदान गाठू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू व्यायाम वाढवावा. ताप-खोकला असताना घरातल्या वृद्धांपासून चार दिवस दूर राहावे. कुटुंबाच्या गटावर आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तो कोणी, कशाच्या आधारे लिहिला हे विचारावे. यांतील एकाही गोष्टीला सरकारी आदेश लागत नाही की पैसा फारसा लागत नाही. शाखा-शाखांतून, सोसायट्यांतून, महाविद्यालयांतून एखादा रविवार या तपासणीसाठी राखून ठेवता येईल. रक्ताच्या एका थेंबाने ज्याला आपली साखर वाढलेली कळेल, तो तरुण पुढच्या साथीला निम्मी लढाई जिंकूनच सामोरा जाईल. मग त्याला 'मला काय होणार?' असे विचारण्याची गरज उरणार नाही. दुसऱ्यासाठी काय करता येईल, हे विचारायला तो मोकळा होईल!